गालिचा व्हॅक्यूम करताना: लव, वेग आणि शेवटचा हात

मशीन फिरवून झालं, डब्यात मूठभर धूळही जमली, तरी गालिचा मळकटच दिसतो, अशी तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते. कुठे फिकट, कुठे गडद असे पट्टे उठतात, येण्याजाण्याच्या वाटेवरची जागा दबलेली दिसते, सोफ्याच्या पायांचे खळगे तसेच राहतात. दोष मशीनच्या ताकदीला दिला जातो, पण खरं कारण तिथे क्वचितच असतं. गालिचा कसा दिसतो ते दोन गोष्टींवर ठरतं. तळाशी बसलेली वाळू निघाली का, आणि वरची लव एका दिशेला बसली का. पहिल्या कामाला सावकाशपणा लागतो, दुसऱ्याला दिशेचं भान. महागडं मशीन घेऊनही या दोन्ही गोष्टी आपोआप होत नाहीत, आणि साध्या मशीनने त्या उत्तम करता येतात.

आधी लव ओळखा

गालिच्याचे वरचे धागे सरळ उभे नसतात, एका बाजूला कललेले असतात. हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्यात हा कल विणकामातूनच येतो. कारागीर मागावर खालून वर विणत जातो, प्रत्येक गाठ खाली ओढतो आणि पंजाने, म्हणजे फणीसारख्या अवजाराने, ठोकून बसवतो, म्हणून विणकाम जिथून सुरू झालं त्या टोकाकडे लव झुकते. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यातला गालिचा असो की काश्मिरी, हे दोन्हीकडे सारखंच. मशीनवर केलेल्या कार्पेटलाही कल असतो, फक्त तो कमी जाणवतो.

ओळखायचं कसं? तळवा गालिच्यावर टेकवून लांबीच्या दिशेने फिरवा, मग उलटा फिरवा. एका बाजूने हात मांजराच्या पाठीवरून फिरावा तसा मऊ जातो, दुसऱ्या बाजूने धागे उभे राहतात आणि बोटांना अडतात. मऊ लागते ती लवेची दिशा. आता गालिच्याच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने उभे राहून बघा. लव तुमच्यापासून दूर झुकलेली असेल तर धाग्यांच्या कुशी दिसतात, त्यांच्यावरून उजेड परततो आणि रंग उजळ वाटतो. लव तुमच्याकडे झुकलेली असेल तर धाग्यांची टोकं दिसतात आणि तोच रंग गडद होतो. मशीन वाटेल तसं आडवंतिडवं फिरवल्यावर जे पट्टे दिसतात ते मळाचे नसतात. तिथली लव वेगवेगळ्या दिशांना पडलेली असते, एवढंच.

यावरून एक निर्णय घेता येतो. दारातून आत येणाऱ्याला गालिचा उजळ दिसावा असं वाटत असेल तर लव दारापासून आत झुकेल असा तो अंथरा. सहा महिन्यांनी फिरवून दुसरं टोक दाराकडे करावं हे झिजेच्या आणि उन्हाच्या दृष्टीने चांगलंच; मग रंगछटा बदलली म्हणून घाबरायचं कारण नाही.

कोणत्या गालिच्यावर काय चालतं

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका, कारण गालिच्याचं कायमचं नुकसान होतं ते इथेच.

फिरता ब्रश ही कार्पेटसाठी जुनी आणि उपयोगी युक्ती आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स स्पँग्लर नावाच्या सफाई कामगाराला धुळीने दम लागायचा. त्याने पंखा, पिशवी आणि फिरता ब्रश एकत्र करून सहज हलवता येणारं मशीन तयार केलं आणि 1908 साली त्याचं पेटंट मिळवलं. आजच्या उभ्या मशीनांत तोच विचार आहे: ब्रश लव हलवतो, सुटलेला कण हवा ओढून घेते. कापलेल्या, आखूड, दाट लवेच्या कृत्रिम धाग्याच्या कार्पेटवर हा ब्रश बिनधास्त वापरा. लोकरीवर बेतानेच, ब्रशची पाळी असेल तेव्हा त्याच्या एखाद-दोन फेऱ्या पुरतात, बाकी नुसत्या हवेच्या ओढीने काम होतं. वेटोळ्यांच्या, म्हणजे न कापलेल्या धाग्यांच्या कार्पेटवर तो बंदच ठेवा. एक वेटोळं अडकलं की ओळच्या ओळ उसवत जाते. लांब केसाळ कार्पेटवरही बंद, कारण धागे ब्रशच्या रोलरला गुंडाळतात.

रेशीम आणि व्हिस्कोस यांना फिरता ब्रश अजिबात लावू नये. व्हिस्कोस दुकानात ‘आर्टसिल्क’ किंवा ‘बांबू सिल्क’ अशा नावांनी मिळतं आणि लोक ते रेशमासारखं समजून घेतात. त्याला पाण्याचंही वावडं असतं: ओलं झालं की लव बसते आणि पिवळट डाग उमटतो. याला मऊ केसांचं नोझल, कमी ओढ आणि फक्त लवेच्या दिशेने, एवढंच.

सोलापुरी सतरंजी किंवा दरी यांना लवच नसते, त्यामुळे त्यांचं सोपं आहे. साधं हेड, म्हणजे नळीच्या टोकाचं रुंद तोंड, लावून दोन्ही बाजूंची धूळ ओढून घ्या. तागाच्या कार्पेटचा भुगा वेणीच्या फटींतून थेट फरशीवर पडतो, म्हणून ते गुंडाळून खालची फरशी आधी झाडावी.

नवा लोकरीचा गालिचा पहिले काही महिने तंतू सोडतो. डब्यात लोकरीचे गोळे बघून काळजी वाटते, पण कापताना सुटलेले तंतू निघत असतात, हळूहळू ते थांबतं. एखादा धागा इतरांपेक्षा वर आलेला दिसला तर ओढू नका, कात्रीने बाकीच्या लवेच्या उंचीला कापा.

मशीनवरचं पायाचं बटण

आपल्याकडे घरोघरी फरशी किंवा टाइल्स, त्यामुळे मशीनसोबत जे रुंद हेड येतं ते फरशीसाठी लावलेलं असतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. ते उलटं करून बघा. वर पायाने दाबायचं एक बटण असतं. एका बाजूला दाबलं की खालून केसांची पट्टी बाहेर येते, ती फरशीसाठी. दुसरीकडे दाबलं की पट्टी आत जाते आणि हेडचा गुळगुळीत तळ गालिच्यावर टेकतो. केस बाहेर ठेवून गालिचा ओढला तर हेड लवेपासून अधांतरी राहतं, बाजूने हवा घुसते आणि तळापर्यंत ओढ पोचत नाही. ‘मशीनमध्ये दमच नाही’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याच घरांत या एका बटणात असतं.

याच्या उलट, कधी ओढ इतकी बसते की हेड चिकटतं आणि छोटा गालिचा उचलला जातो. अशा वेळी मुठीजवळच्या नळीवर एक सरकती खिडकी असते ती थोडी उघडा. तिथून हवा आत आली की हेड सैल होतं. गालिचा सरकत असेल तर त्याच्या एका कडेवर उभे राहून हेड स्वतःपासून दूर नेत जा, आणि खाली रबरी जाळी अंथरून ठेवा.

फिरवण्याआधी डबा किंवा पिशवी बघा. दोन तृतीयांश भरली की ओढ पडायला लागते; काठोकाठ भरायची वाट बघू नये.

आता प्रत्यक्ष काम

खोलीत गालिच्याचा नंबर शेवटी. आधी जळमटं, पंख्याची पाती, कपाटाचं डोकं, पडदे, मग सोफा. त्यानंतर पंखा बंद करून थोडा वेळ जाऊ द्या, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. हा थांबा घेतला नाही तर ओढून झालेल्या गालिच्यावर तासाभरात पुन्हा पातळ थर दिसतो.

मग वरचं सामान उचला. टीपॉय बाजूला, खुर्च्या बाहेर. गुडघ्यांवर बसून एकदा नजर फिरवा: हेअरपिना, टाचण्या, नाणी, शेंगांची टरफलं हाताने वेचा. टाचणी नळीच्या वळणावर अडकली की तिच्याभोवती केस जमतात आणि नळी तुंबते. केसांचं म्हणाल तर लांब केस आणि कुत्र्या-मांजरांचे केस लवेत विणल्यासारखे बसतात, नुसत्या ओढीने सगळे निघत नाहीत. भांडी घासायचा रबरी हातमोजा घाला आणि तळवा छोट्या छोट्या ओढींनी एकाच दिशेने खेचा. केसांच्या गुंडाळ्या वर येतात. त्या उचलून मग मशीन लावा.

लहान, हाताने गाठी मारलेला गालिचा असेल तर तीन-चार आठवड्यांतून एकदा तो पालथा घाला आणि पाठीवरून मशीन फिरवा. वाळू सुटून खाली फरशीवर पडते. किती साचली आहे ते बघायचं असेल तर एक कोपरा उलटा धरा, खाली पांढरा कागद ठेवा आणि पाठीवर तळव्याने आठ-दहा चापट्या मारा. कागदावर जे कण पडतात ते बोटात चुरडून बघा, कडा टोचतात. पायाखाली दाब पडला की याच कडा धाग्याला मुळाशी कापतात. वर्दळीच्या वाटेवर लव विरळ होते ती यामुळे. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची लाल माती असते, ती कापतेही आणि फिकट गालिच्याला तांबूस झाकही देते. पुण्यामुंबईत बांधकामाची सिमेंटमिश्रित धूळ असते. चपला दाराबाहेर काढायची आपली सवय गालिच्याचं आयुष्य खरोखर वाढवते.

पालथं घालायचं काम टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात धागे टोचून केलेल्या, गालिच्यावर मात्र करू नका. या गालिच्याला मागे कापड चिकटवलेलं असतं आणि आत लॅटेक्सचा गोंद असतो. जुना झाला की गोंद सुकतो आणि खाली पांढरी पूड पडायला लागते. असा गालिचा दुमडला, झटकला, आपटला तर उरलेला गोंदही तडकतो.

आता सरळ बाजू. दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करा म्हणजे काम संपवत तुम्ही दाराशी येता आणि ओढलेल्या भागावर पाय पडत नाही. पहिला हात रुंदीच्या दिशेने. हेड पुढे न्या, त्याच रेषेत मागे आणा, मग अर्ध्या हेडाएवढं बाजूला सरका, म्हणजे प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याचं अर्धं अंग झाकतो. एक मीटर जायला दोन-तीन सेकंद तरी लागले पाहिजेत. घाई केली की हेड वरची धूळ पळवतं आणि तळची वाळू जागेवर राहते, कारण वजनदार कण लवेतून वर यायला वेळ लागतो. मागे ओढतानाची फेरी जास्त सावकाश घ्या; बहुतेक माणसं पुढे हळू ढकलतात आणि मागे भरकन खेचतात, म्हणून अर्धं काम वाया जातं.

कान उघडे ठेवा. वाळू नळीतून जाताना बारीक कडकड आवाज येतो. दारासमोर, सोफ्यासमोर, जेवणाच्या टेबलाखाली हा आवाज बराच वेळ येत राहतो. तो येतोय तोवर त्या जागेवरून पुढे सरकू नका. कोपऱ्यात, जिथे कोणी चालत नाही, तिथे एका फेरीत भागतं. सगळीकडे सारखा वेळ देण्यापेक्षा वाटांवर तिप्पट वेळ द्यावा, हे माझं ठाम मत आहे.

दुसरा हात लांबीच्या दिशेने, त्याच पद्धतीने. आडवा हात मारल्यावर जे धागे एका बाजूला दबलेले असतात ते उभ्या हाताने उलटतात आणि त्यांच्यामागची धूळ सुटते.

कडा, दशा आणि सोफ्याखालचा अंधार

कडेला रुंद हेड पोचत नाही. चिंचोळं नोझल लावून चारही कडा ओढा. टोकाच्या दशांवर मशीन थेट नेऊ नका, फिरता ब्रश तर मुळीच नको. दशा नळीत ओढल्या गेल्या की मूळ ताण्याचे, म्हणजे लांबीत ताणलेले, धागे सैल होतात, आणि गालिच्याच्या गाठी त्याच ताण्यावर उभ्या असतात. गालिच्यावरून बाहेर दशांच्या दिशेने हात न्या आणि दशा सुरू होण्याआधी हेड उचला. दशांतली धूळ मऊ ब्रशने झटका आणि शेवटी त्या हाताने विंचरून सरळ करा.

सोफा आणि दिवाणाखालची जागा आठवड्याला नाही तरी महिन्याला ओढलीच पाहिजे, विशेषतः गालिचा लोकरीचा असेल तर. कसर लागते ती अशा अंधाऱ्या, न हललेल्या जागी. किडीच्या अळ्या लोकर खातात आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. सोफा हलवला की टक्कल पडलेला तुकडा दिसतो. तिथून बारीक दाण्यासारखी विष्ठा किंवा कातीसारखे पोकळ कवच निघाले तर पिशवी लगेच घराबाहेर टाका आणि पाठीमागूनही ती जागा ओढा.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांच्या घरी भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असतं. तिथे भिंतीलगत आणि दाराखाली एक काळपट रेघ उमटते. फटींतून हवा जा-ये करते आणि कार्पेट तिच्यातली अतिबारीक धूळ गाळून घेतं, त्याची ती रेघ. ती एकदा मुरली की मशीनने निघत नाही, पण दर आठवड्याला चिंचोळ्या नोझलने ती कड ओढली तर मुरायला वेळच मिळत नाही.

शेवटचा हात

आतापर्यंत गालिचा स्वच्छ झाला. देखणेपण या हातात आहे.

फिरता ब्रश बंद. ओढ कमी. लव ज्या टोकापासून दूर झुकते त्या टोकाला उभे राहा, हेड टेकवा आणि लवेच्या दिशेने एका दमात दुसऱ्या टोकापर्यंत न्या. तिथे ते उचला. तसंच मागे ओढायचं नाही, उचलूनच पुन्हा सुरुवातीला आणायचं. शेजारी पुढचा पट्टा, पुन्हा त्याच दिशेने. गालिचा मोठा असेल तर नळी जिथवर पोचते तिथवर एक पट्टा न्या आणि पुढचा तुकडा किंचित झाकून सुरू करा. सगळा गालिचा एकाच दिशेने ओढून झाला की पट्टे नाहीसे होतात, नक्षीच्या रेषा ठळक होतात आणि रंग एकसारखा दिसतो. संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड येतो तेव्हा हा फरक सर्वांत जास्त कळतो, म्हणून पाहुणे यायचे असतील तर हा हात त्या वेळेच्या अलीकडे मारावा.

काहींना पट्टेच आवडतात, आणि एकरंगी, भिंतभर कार्पेटवर ते खरंच शोभतात. तसे हवे असतील तर दर पट्ट्याला दिशा बदला: एक दूर ढकलत, दुसरा जवळ ओढत, आणि पट्टे सरळ यावेत म्हणून पहिला भिंतीला समांतर घ्या. पारंपरिक नक्षीच्या गालिच्यावर मात्र पट्टे पाडू नयेत. ते वेलबुट्टीला छेदतात आणि नजर नक्षीवर ठरत नाही.

फर्निचरच्या पायांचे खळगे अजून दिसत असतील तर लोकरीच्या किंवा कृत्रिम धाग्याच्या कार्पेटवर खळग्यात बर्फाचा खडा ठेवा. तो विरघळला की जागा कोरड्या कापडाने टिपा आणि चमच्याच्या कडेने लव हळूच उचला. पूर्ण वाळल्यावर मशीन फिरवा. व्हिस्कोस आणि रेशमावर हे करायचं नाही.

सणासुदीचं सांडलेलं

दिवाळीत रांगोळी पायांना लागून गालिच्यावर येते. रांगोळी ही दगडाची पूड, त्यामुळे ती वाळूसारखीच धागे कापते आणि फिल्टरही तुंबवते. गणपतीत गुलाल, हळदकुंकू, अक्षता. या सगळ्याला नियम एकच: पाणी लावू नका, पुसू नका, पायाने पसरू देऊ नका. अक्षता-फुलं हाताने वेचा. रंगाच्या पुडीवर फिरता ब्रश न लावता चिंचोळं नोझल लवेच्या किंचित वर धरा आणि कडेकडून मध्याकडे ओढत या. पूड कोरडी असेपर्यंत ती जवळजवळ सगळी निघते, ओली झाली की रंग धाग्यात जातो. हळदीच्या डागावर खायचा सोडा टाकण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका. सोड्यासारख्या क्षारांनी हळद लाल होते.

वास जावा म्हणून गालिचाभर सोडा भुरभुरण्याची पद्धतही मला पटत नाही. ती बारीक पूड तळाशी राहते आणि मशीनचं फिल्टर बंद पाडते. कुबट वास येत असेल तर गालिच्यात ओल आहे, आणि ती हवा-उन्हानेच जाईल. पावसाळ्यात दमट हवेत धुळीतले सूक्ष्म कीटकही फोफावतात, म्हणून दम्याचा त्रास असलेल्या घरात जून ते सप्टेंबर गालिचा उचलून ठेवणं उत्तम. कोरड्या दिवशी दोन्ही बाजूंनी ओढा, लव आत घेऊन लवेच्या दिशेने गुंडाळा, सुती चादरीत बांधा. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर आत घाम धरतो. अंथरलेलाच ठेवणार असाल तर ओलसर गालिच्यावर साधं मशीन कधीच लावू नका. मोटारीला धोका, आणि ओली धूळ पिशवीत कुजते.

अनवाणी पायांचं आणि डोक्याचं तेल गालिच्याला लागतं, त्यावर धूळ चिकटून जो काळपटपणा येतो तो कोणत्याही मशीनने ओढून निघत नाही. त्याला धुण्याचीच वाट. पण नियमित ओढलेला गालिचा धुवायला कमी वेळा काढावा लागतो. वर्दळीच्या वाटा दोन-तीन दिवसांनी, संपूर्ण गालिचा आठवड्याने, आणि कडा व सोफ्याखालचं महिन्याने, हे गणित बहुतेक घरांना पुरतं. रोबो मशीन असेल तर ते रोज फिरू द्या, वरवरची धूळ ते उचलतं, मात्र दशा खाली दुमडून ठेवा. गालिचा फार काळा असेल तर काही रोबो त्याला पायरीची कड समजून थबकतात.

काम संपलं की मशीन तसंच कोपऱ्यात लोटू नका. डबा घराबाहेर जाऊन रिकामा करा. रोलरला गुंडाळलेले केस कात्रीने लांबीच्या बाजूने कापा आणि उपटून काढा. फिल्टर धुता येणारं असेल तर साध्या पाण्याखाली धुवा, साबण नको, आणि सावलीत निदान 24 तास वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवसही लागतात. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय परत बसवू नका, आणि जमलं तर एक जादा फिल्टर घेऊन ठेवा, म्हणजे वाळेपर्यंत गालिचा खोळंबत नाही.